मागं बघायचं कुणी?

...न्हाई, पर मागं बघायचं कुणी? तुमीच सांगा! दार उघडणाऱ्यानं मागं बघायचं, का मागनं येणाऱ्यानं जगातली समदी दारं तपासत चालायचं?

आवो, सकाळचं दूध डेरीला घालून म्या फटफटीवरनं घरी निघालो हुतो. रस्ता मोकळा, पोट रिकामं, डोक्यात नुसता चहा. पानशेतच्या धरणाजवळ एक लाल गाडी उभी. उभी तर उभी, आपल्या बापाचं काय जातंय? तेवढ्यात धाडकन दार उघडलं! म्या दारावर, फटफटी माझ्यावर, अन् किटली गेली घरंगळत... उजवा हात मोडला की वो माझा!

आतनं कोण? प्रेरणाताई. पुण्याच्या, हितं नवं घर बांधलंय त्यांनी. "अगं बाई! दिसलाच नाहीत हो तुम्ही!" आता आरसा काय नुसता भांग पाडायला दिलाय? तर स्टेअरिंगवरचं त्यांचं मालक म्हणत्यात, "दार मी कुठं उघडलं?" ताई म्हणत्यात, "गाडी भर रस्त्यात कुणी थांबवली?" त्यांचं भांडान लागलं, म्या आपला खाली पडून ऐकतोय!

शेवटी हवालदार आलं. "गोरख, तक्रार दे. मागं न बघता दार उघडलं, चूक त्यांची. दवाखाना त्यांच्यावर, वरनं विमा कंपनी नुकसान भरून देती." म्हणलं, "साहेब, मग कंपनीला सांगा, सांच्याला येऊन माझी म्हैस पिळा!"

हसू नका! आमची चंद्री माझ्या हाताबिगर कुणाला कासंला शिवू देत न्हाई. मंगल, आमची मंडळी, एकदा बसली हुती. बादली गेली उकिरड्यावर, मंगल गेली माहेरी. अन् धार तुंबली की कास सुजती, म्हैस जाती कामातनं. हात काय, जुळंल कवातरी, पर चंद्रीचं काय?

तर ताई म्हणल्या, "माझ्यामुळं झालंय ना? मी काढते धार. लहानपणी मामाकडं काढलीय."

म्या मनात म्हणलं, बसा! खाल लाथ, मग कळंल मागं बघायचं कुणी! तर ताईंनी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला, "सॉरी हं राणी, तुझ्या मालकाला पाडलं मी"... अन् त्या बयेनं सोडला की पान्हा! बादली फेसानं भरली! मंगल म्हणती, "बघा! गोड बोललं की म्हैस बी ऐकती. शिका कायतरी!"

प्लास्टर निघेस्तवर ताई रोज आल्या, दोन्ही वक्ताला. लई चांगलं माणूस, खोटं कशाला बोलू? तक्रारीचं नावच काढलं न्हाई म्या.

काल प्लास्टर निघालं. म्या हौसंनं बादली घिऊन बसलो. चंद्रीनं मान वळवून बघितलं... ताई न्हाईत! अशी लाथ हाणली, अशी हाणली, की आता डावा हात गळ्यात. आवो, हिनं तर मागं बघूनच हाणली! आता बोला, मागं बघायचं कुणी?

तडक हवालदाराकडं गेलो. म्हणलं, "साहेब, आता लिवाच तक्रार. चंद्रीवर!"

त्यांनी पेन उचलला. "म्हशीनं मारलं, तर जबाबदार म्हशीचा मालक. बोल, मालकाचं नाव काय?"

...चहा पिऊन आलो माघारी.