नऊ खिडक्या आणि एक लाल दिवा

रणजित : पद्मा, स्टेशनच्या मॉडेलले हात नको लावू. पुठ्ठा ओला आहे, डिंक सुकला नाही अजून.

पद्मजा : हात लावत नाही. एवढंच विचारते आहे, शुक्रवारी माझ्यासाठी फोन कुणाचा आला होता?

रणजित : कोणता फोन? यार, परवा प्रदर्शन आहे माझं. बाबा नोकरीले होते त्या छोट्या रेल्वेलाइनचं अख्खं स्टेशन उभं केलं, आपल्या क्वार्टरसकट, चार वर्षं लागली, अन् आता ऐन टायमाले एकबी खिडकी लागून नाही राहिली. लाल सिग्नल तेवढा चमकते. पहिले चहा ठेव, मग फोनचं पाहू.

पद्मजा : चहा नाही. फोन.

रणजित : दुकानदारानं फुसका माल गळ्यात मारला ना! तीनदा बदलले पांढरे एलईडी. तीनदा! कोलकात्याच्या मॉडेलवाल्या ग्रुपमधल्या दादाले फोटो पाठवला, तो म्हणते रेझिस्टर बदल. नागपूरच्या शंकरले विचारलं, तो म्हणते अॅडॅप्टर बदल. सगळं बदललं. बारा व्होल्ट बरोबर येऊन राहिले, तरी अंधार.

पद्मजा : कोलकात्याला विचारलंत. नागपूरला विचारलंत. स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे, तिथे नाही विचारलंत.

रणजित : तुले? तू कामात होती.

पद्मजा : नाशिकला मीटरच्या कारखान्यात तीन वर्षं टेस्टिंगला होते मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे माझ्याकडे. तुमच्याच मामांनी बघण्याच्या दिवशी माझी मार्कशीट सगळ्या बैठकीला मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती काय पोह्यांबरोबर संपली?

रणजित : जुन्या गोष्टी काहून काढून राहिली?

पद्मजा : नवी काढते मग. मी आज आयटीआयमध्ये फोन केला. म्हटलं, इन्स्ट्रक्टरच्या जागेचं काय झालं. तिथल्या ऑफिसातला इंद्रजीत म्हणाला, मॅडम, हमने तो शुक्रवार को ही फोन किया था. साहब ने मना कर दिया.

रणजित : तुझा मोबाइल रिपेअरले होता, म्हणून माझ्या नंबरवर आला तो…

पद्मजा : कुठून आला ते नाही विचारलं. तुम्ही काय सांगितलंत?

कलावती : काय झालं रे? साडेचार वाजले, मी कीर्तनाले निघाली, अन् तुमचा आवाज फाटकापर्यंत येऊन राहिला. शेजारचा हिरालाल कान लावून उभा आहे.

रणजित : काही नाही आई, तू जा. बुवा वाट पाहत असतील.

पद्मजा : आई, थांबा जरा. तुमच्याबद्दलच बोलणं चाललंय.

कलावती : माझ्याबद्दल? मी काय केलं, माय?

पद्मजा : तुम्ही अंथरुणाला खिळलात. दोन महिने झाले. उठता येत नाही, कूस बदलता येत नाही. म्हणून सुनेला नोकरी करता येत नाही. असं यांनी आयटीआयला कळवलंय.

कलावती : रणजित.

रणजित : आई, ऐक ना…

कलावती : मी अंथरुणाले खिळली?

रणजित : अगं, काही तरी कारण सांगावं लागते ना लोकायले!

कलावती : कारण पायजे होतं तर स्वतःचा पाय मोडला म्हणून सांगायचं! रोज पायी तात्यापाऱ्यात कीर्तनाले जातो मी, पायी येतो. एकादशीले दोन-दोन तास उभी राहतो. अन् तुह्या तोंडात माय बिछान्यावर? तोंड कसं नाही विटाळलं रे पोट्ट्या?

रणजित : घर कोण पाहणार मग? अभनपूर रोडवर आहे ते आयटीआय. सकाळी आठला निघा, संध्याकाळी सहाला या…

पद्मजा : तुम्हीही तेवढाच वेळ बाहेर असता.

रणजित : माझी सरकारी नोकरी आहे.

पद्मजा : आणि माझी असायची होती. अकरा वर्षांनी पहिल्यांदा कुणी माझं नाव मॅडम लावून घेतलं होतं हो. तुम्ही ते वाटेतच अडवलंत. विचारलंसुद्धा नाहीत मला. नको म्हणायचं असतं तर माझ्या तोंडावर म्हणायचं, भांडले असते मी. हे असं पाठीमागून?

कलावती : काल बुवांनी निरूपणात सांगितलं. एक जण देवळासाठी घंटा शोधाले सात गावं फिरला. मंजूळ आवाजाची पायजे म्हणे. अन् तशी घंटा त्याच्याच गोठ्यात, म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात वाजून राहिली होती. सारी मंडळी हसली. मीबी हसली. मले काय ठाऊक, तो बावळट माझ्याच पोटचा आहे म्हणून!

रणजित : आई, बुवांले मधात नको आणू. मी इथं टेन्शनमध्ये आहो. परवा साहेब लोक येतील अन् अंधारं स्टेशन पाहून हसतील.

पद्मजा : अजूनही स्टेशनच. बरं. ती लाल दिव्याची वायर कुठली?

रणजित : ही. पण तेवढा एकच तर लागून राहिला, त्याले काहून…

(पद्मजा कात्रीनं वायर कापते. लाल सिग्नल विझतो आणि त्याच क्षणी नऊच्या नऊ खिडक्या उजळतात.)

कलावती : अगं माय! आपला स्टेशनावरचा जुना क्वार्टर!

रणजित : हे… हे कसं झालं?

पद्मजा : माल फुसका नव्हता. दुकानदारही खोटा नव्हता. तुम्ही कचऱ्यात टाकलेले सगळे दिवे मी घड्याळाच्या दोन सेलांवर लावून पाहिलेत, एकूण एक चांगला आहे. उद्या जाऊन त्या माणसाची माफी मागा. त्याच्या आधी एक फोन करा.

रणजित : आत्ता?

पद्मजा : पाचला ऑफिस बंद होतं. स्पीकरवर नको, मला त्याचं ऐकायचं नाहीये. तुमचं ऐकायचंय.

रणजित : हॅलो… इंद्रजीत भैया? हां, रणजित बोल रहा हूँ, पद्मजा मॅडम के घर से. भैया, वो क्या है, माताजी की तबियत अब थोड़ी ठीक है, तो…

कलावती : थोडी ठीक? दे तो फोन इकडे! दे म्हणतो ना! हॅलो, बेटा, मैं ही हूँ वो बिछौने वाली. हव. बिलकुल खड़ी हूँ. चप्पल पहन के खड़ी हूँ. मेरे को कुछ नहीं हुआ, मेरे लड़के की अकल को हुआ है. लो, उसी से सुनो. घे, बोल. खरं बोल.

रणजित : भैया… मैंने झूठ बोला था. माँ बीमार नहीं थी. मॅडम को मैंने पूछा ही नहीं था. …हां. …हां, गलती मेरी है. …अच्छा. …कल? …ठीक है, बता देता हूँ.

पद्मजा : काय म्हणाला?

रणजित : दुसऱ्या एका बाईंले बोलावलं होतं त्यांनी. जागा दिली नाही अजून. उद्या सकाळी नऊला दोघींनी पोरांसमोर एक-एक तास घ्यायचा. प्रिन्सिपल मागं बसतील. जिचं पोरांले समजलं, तिले घेतील.

पद्मजा : उद्या. त्या बाईला शुक्रवारपासून तयारीला वेळ मिळाला. मला आजची संध्याकाळ.

रणजित : माझ्यामुळं.

पद्मजा : तुमच्यामुळं.

कलावती : मग उभी काहून आहेस? मी आज नाही जात. पोळ्या मी लाटतो. बुवांले सांगीन, आज घरीच कीर्तन होतं.

रणजित : पद्मा, मी काय करू?

पद्मजा : त्या स्टुलावर बसा. वही घ्या. उद्या माझ्यासमोर सतरा-अठरा वर्षांची पोरं असणार, त्यांना यातलं काही येत नसणार. तुम्हालाही येत नाही. चालेल.

रणजित : टोमणे मारशील का मधामधात?

पद्मजा : मारीन. राग गेलेला नाही माझा, इतक्यात जाणारही नाही. लिहा. पांढरा एलईडी लागायला तीन व्होल्ट लागतात, लालला दोनच. तुम्ही दहाही दिवे शेजारी-शेजारी जोडलेत आणि सगळ्यांत मिळून करंट आवरणारा एकच रेझिस्टर घातलात. लाल दोनवर पेटला आणि त्यानं सगळ्यांचं व्होल्टेज तिथेच धरून ठेवलं. पांढऱ्यांपर्यंत तीन पोचलेच नाहीत. कळतंय?

रणजित : हं.

पद्मजा : आता तीन-तीन खिडक्यांची एकेक माळ करायची. तीन दिवे एकामागे एक, म्हणजे झाले नऊ व्होल्ट. बारातून नऊ गेले, तीन उरले. ते तीन रेझिस्टरनं खायचे. करंट ठेवू साधारण नऊ मिलीअँपिअर, म्हणून माळेला तीनशे तीस ओहम. लालची वाट वेगळी, त्याला एक हजाराचा रेझिस्टर. समजलं?

रणजित : लिहून राहिलो.

पद्मजा : समजलं का विचारतेय.

रणजित : नाही.

पद्मजा : बरं झालं, खरं बोललात. पुन्हा सांगते.