बाटलीतल्या जंतूचं बारसं

बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली होती. समुद्राच्या पाण्यात शाई टिकत नाही. रेवदंड्याच्या रिक्षात श्यामलाबाई नावाच्या एका प्रवासी बाईंच्या शेजारी बाप आणि त्याची संशोधक मुलगी बसले होते; बाटली मुलीच्या मांडीवर होती.

"अंबाजीकाका, सरका जरा," रिक्षावाला म्हणाला.

"आशू, जंतू नवाच हाय ना?" काकांनी सरकत विचारलं.

"जनुकं कुठल्याच जातीशी जुळत नाहीत, बाबा."

"मंग वर्ष झालं, बारसं कधी?"

"नावावाचूनच लेख अडलाय."

"तुझंच दे की."

"शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायची पद्धत नाही."

"तुझ्या सरांचं दे."

"त्यांना होडीत ओकारी येते."

"तुझ्या आईचं?"

"ती म्हणाली, जंतूला माझं नाव दिलंस तर जेवायला वाढणार नाही."

"मंग ऱ्हायलं कोण?"

"दर अमावास्येला भर समुद्रातून पाणी कोणी आणलं?"

"मी. पन त्यात काय?"

"ठरलं, बाबा. अंबाजीच. मागे लॅटिन शेपटी लावते."