सेनापती

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर मायलेकी. लेक व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आईला मोबाईलवर काहीतरी दाखवत होती.

“ही आमच्या गेममधली सेनापती.”

“केस पांढरे आहेत की हिचे.”

“साठीची आहे, आई.”

“आणि लढते?”

“सगळ्यांना पुरून उरते. बघ, आता पडली.”

“अगं, ही गुडघ्यावर हात ठेवून, ‘चला’ म्हणत उठते. हे माझं उठणं आहे.”

“साहेब म्हणत होते, विशीतली करा. मी त्यांना तुझा शिलाई मशीनवरून उठतानाचा व्हिडिओ दाखवला.”

“मग?”

“म्हणाले, हीच ठेवा.”

आतून त्यांचा नंबर पुकारला.

“हात देऊ, आई?”

“सेनापतीला कोणी हात देतं का? चला.”