ठिपका हलतोय

— बिघडला म्हणून न्हाई आणला रविराज, फोन चांगला हाय. तू आधी बघ. हा नकाशा, हा ठिपका, ठिपक्यात तोंड हाय ना — ती माझी दिपाली. ऊसतोडीला गेलीय जावयासंगं, लांब, कर्नाटकात. तूच तर दसऱ्याला जोडून दिलतं हे. म्हणलातास, मावशी, आता लेक कुटं बी गेली तरी तुला दिसंल. दिसती. नुसती दिसतीच.

बस की, गिऱ्हाईक कुणी न्हाई दुकानात. मला बी ढाब्यावर भाकरी थापायला सांजच्याला जायचंय. तर ऐक — तिला नववा लागलाय. पहिलटकरणीनं माहेरी यायची रीत हाय, मला नको सांगू. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात तिकडं, एक उठून आलं की कोयता मोडला, मग मुकादम दुसऱ्याला बी ठिवत न्हाई. तीच म्हणली, आये, फोन माझ्या कमरेला ऱ्हाईल, कळा आल्या की दवाखान्याकडं निघंन, तुला ठिपका पळताना दिसंल, तवा तू गाडी धर. लई हुशार पोरगी. मग मी हात पिठात आन् डोळा फोनवर. ठिपका हलतो — ऱ्हायच्या कोपीपासून हिरीकडं, पुन्हा माघारी, रातचं बी. मी गल्लीत सांगत फिरते, दिपाली पाण्याला जाऊन आली, आज लईच फिरली. फोन? करते की! आधी रोज सांजच्याला बोलायची. बाजाराच्या दिवसापासून नुसता वाजतो, वाजतो, आन् मग ती आतली बाई — आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. इच्छित म्हणं. कुणाच्या घरात बोलत्यात असं? मी म्हणते, बये, उत्तर कावून देत न्हाई तेवढं सांग की. तर ती पुन्हा तेच, आता इंग्रजीत. जावई बी उचलीना. पण चार्जिंग बघ — हा आकडा कमी हुतो, पुन्हा भरतो. म्हंजे कुणीतरी लावतंय ना? कुणीतरी हाय ना तिथं?

पण काल काय झालं — मी माझा फोन पिठाच्या डब्यावर ठिवलाता. हात लावला न्हाई कुणी. आन् माझा सोताचा ठिपका हायवे वलांडून पलीकडच्या पंपावर गेला, आन् आला माघारी. मी चुलीपाशी, आन् ठिपका पंपावर. म्हणून आले तुझ्याकडं. हे असं हुतं का? … हुतं? पडल्या फोनचा बी हलतो? पत्र्याखाली असला की जास्त — बरं. वरून आभाळातून येतं ते, पत्र्याला आपटून चुकतं — बरं. एवढं आभाळातून बघतंय, तर ती उठलीय का पडलीय, तेवढं दिसंना व्हय त्याला?

मग पाण्याला कोण जात हुतं रे?

मुकादमाचा नंबर? हाय की. धुळाजी. तूच घालून दिलाता. न्हाई लावला. एकदा बी न्हाई. ढाब्यावर ट्रकवाले माझ्यापुढं आवाज चढवत न्हाईत, एकाची तर कॉलर धरून मी ताट धुवायला लावलंय — पण ह्याच्या नावावर बोट गेलं की बोट हलंना. ठिपका बरा. ठिपका बोलत न्हाई. वंगाळ तर अजिबात बोलत न्हाई.

लाव तू. लाव म्हणते ना. मोठ्यानं नको, तुझ्याच कानाला धर. वाजतीय? इचार, सरस्वतीबाईची दिपाली, परमेश्वरची बायकू … उचलला? मग बोल की. काय म्हणतोय? आरं, मान खाली कावून घातली?

नको. काय बी बोलू नको. दे, फोन दे माझा हिकडं. नकाशा लाव आधी. हाय ना ठिपका? हलतोय. बघ की, हलतोय.