कडी वाजल्याशिवाय

नाही ताई, एका ओळीत नाही मावायचं ते. तुमच्या वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर 'झोपेच्या सवयी' असं छापलंय आणि पुढे ही एवढीशी रेघ — रक्तगटाला दिलीय तेवढीच जागा. मागच्या बाजूला लिहिता का? मागची बाजू कोरी आहे, मी बघितलं मघाशी. छपाईच्या कारखान्यात कामाला आहे ना, कागद कापायच्या मशीनवर, त्यामुळे कागद हातात आला की आधी उलटा करून बघतो. तुमचा चहा निवतोय, तुम्ही घ्या, मी सांगत जातो. खरं तर मला एवढं बोलायची सवय नाही. घरी बोलणार कोणाशी? आई आहे — पण ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, खूप बोलते, पण माझ्याशी नाही. ते कळेलच तुम्हाला.

तर, साडेआठला तिचे पाय कोमट पाण्यात ठेवायचे. फार वेळ नाही, बोटं सुरकुतली की चिडते. मग पुसायचे, बोटांच्या फटींतूनसुद्धा — ओलं राहिलं तर 'पाय कुणाचे आहेत हे?' असं विचारते. उशी एकच, पातळ. पांघरूण दुमडून पायाशी ठेवायचं, अंगावर घालायचं नाही, ते ती स्वतः ओढते. नवाला दिवा बंद. इथपर्यंत सोपं आहे, इथपर्यंत कोणालाही जमेल. त्यानंतर मी बूट घालतो आणि बाहेर पडतो. दार नुसतं लोटून. छप्पन्न पायऱ्या उतरतो आणि खाली सायकली लावतात तिथे दहा मिनिटं उभा राहतो. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज शटर ओढता ओढता विचारतो, 'काय रे, निघालास की आलास?' त्याला काय सांगणार — दोन्ही. शेजारच्या काकूंना वाटतं मी चोरून सिगारेट ओढायला जातो. वाटू दे. मग वर यायचं, पण माझ्यासारखं नाही, जड पावलांनी, शेवटच्या पाच पायऱ्यांवर दमल्यासारखं थांबत. बूट एक नंबर मोठे घेतलेत मी त्यासाठी, पुढे कापूस कोंबलाय. दाराशी आलं की कडी वाजवायची — दोनदा, मग जरा थांबून एकदा. आत यायचं, डबा मोरीत ठेवायचा — रिकामा डबा, आत चमचा हवा, नाहीतर आवाज होत नाही. आणि म्हणायचं, 'आलो गं.' आवाज थोडा खाली घेऊन. ती अंधारातून म्हणते, 'आलास? हात धू. हळू हं, धाकटा झोपलाय.' की संपलं. दोन मिनिटांत घोरायला लागते.

धाकटा म्हणजे मी.

नाही, हसा तुम्ही, मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. तिला दोन मुलगे. मोठा तो दादा — माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे घर दादाच्याच खांद्यावर. दुसऱ्या पाळीला असायचा, काचेच्या कारखान्यात, सव्वानवाच्या सुमाराला यायचा. आई तोवर नुसती पडून असायची, कडी वाजल्याशिवाय डोळा लागायचा नाही तिचा. आणि मी? मी झोपेचं सोंग घेऊन. कारण दादा कँटीनमधून रोज अर्धं बिस्कीट आणायचा आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी ठेवायचा — जाग्या माणसाला नाही, जाग्या माणसाला दटावायचा. म्हणून मी डोळे घट्ट मिटून. आई म्हणायची, 'हळू, धाकटा झोपलाय,' आणि मी आतल्या आत खुश. मी कधीच झोपलेलो नसायचो, ताई. एकदाही नाही. मग एका दिवशी कडी वाजली नाही. सायकलवरून येत होता, ट्रकवाल्याला दिसला नाही. त्या रात्री आम्ही दोघंही जागे होतो, पण दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही की आपण जागे आहोत. ती समजत होती मी झोपलोय, आणि मी तिला तसं समजू दिलं. उजाडल्यावर माणसं आली. मी अकरा वर्षांचा होतो. शाळा तिथेच सुटली — रडगाणं नाही गातोय, सुटली एवढंच. पुढे कागदाच्या धंद्यात शिरलो.

त्यानंतर आई नीट होती, वर्षानुवर्षं नीट होती. दादाच्या फोटोवरची धूळ पुसायची, बसायची, उठायची, माझ्या लग्नाचं बघायची. सहा वर्षांपूर्वी हे विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग शेजारी, मग मी. मी तिला आता भाड्याने राहणारा कोणीतरी वाटतो — 'अहो' म्हणते मला. आणि सगळं पुसत पुसत गेली तर नेमकी जाऊन थांबली कुठे? तर त्या सव्वानवावर. मोठा यायचाय आणि धाकटा झोपलाय. पहिले काही दिवस सबंध रात्र दारात उभी राहायची. मग एकदा मी उशिरा कामावरून आलो, हातात डबा होता, दार आतून लावलेलं म्हणून कडी वाजवली — आणि आतून 'आलास?' झाली सुरुवात.

एकदा डबा विसरलो तर अर्धी रात्र आम्ही डबा शोधत होतो. 'रोज नवा डबा कुठून आणू रे तुला?' — अशी बोलणी खाल्लीत मी दादाच्या वाटची.

हो, कळतंय. बावन्न खाटा आणि रात्री तुम्ही दोघीच. कळतंय मला. म्हणून तर मी आणलंय — थांबा, पिशवीत आहे — ही बघा. आमच्या दाराची कडी. सकाळी काढली. फळीच्या तुकड्यावर ठोकून आणलीय, म्हणजे कुठेही ठेवून वाजवता येईल. इथे दारांना कड्या नाहीत हे मी मागच्या वेळी आलो तेव्हाच बघून गेलो होतो. नुसते पडदे. दोनदा, मग थांबून एकदा. बूट राहू दे, डबा राहू दे, एवढंच केलंत तरी — आवाज? आवाज मी मोबाईलमध्ये भरून — बरं, वॉर्डात मोबाईल चालत नाही. मग मी येतो ना! रोज नवाला येतो, दहा मिनिटं, फाटकाबाहेर — फाटक सातला बंद होतं. हो. लिहिलंय बाहेर. वाचलं मी.

पण ताई, तुमचाच नियम आहे, पहिल्या तीन रात्री माणूस ओरडला, दुसऱ्यांना झोपू दिलं नाही, तर चौथ्या दिवशी परत न्यायचं. मला परत नाही नेता येणार तिला. ते आधीच सांगून ठेवतो. काय कारण ते लिहिलंय मी अर्जात — मशीनवर डुलकी लागते मला. खरं आहे ते. तिला झोपवून मी पडतो आणि छताकडे बघत बसतो. काय काय करून बघितलं — आकडे उलटे मोजले, दूध प्यायलो, पाय धुतले, तिचे धुतो तसे. नाही येत झोप. आणि दिवसा मशीनचं पातं वर गेलं की डोळे मिटतात. मागच्या महिन्यात फोरमनने मागून कॉलर धरून ओढलं म्हणून ही बोटं दिसतायत. मला काढलं नाही, पण मशीनवरून उतरवलं, आता गठ्ठे बांधतो. म्हणाला, घरचं काय ते निस्तर आधी.

अर्जात ते लिहिलंय. दुसरं नाही लिहिलं.

नाही, काही नाही. पुढचा रकाना विचारा तुम्ही. ऍलर्जी — नाही. चष्मा — आहे, घालत नाही. ... ताई, तुम्ही कोणाला सांगत नाही ना हे? म्हणजे फॉर्ममध्ये नका लिहू. एकदा मी तिला खरं सांगितलं. दिवस वाईट गेला होता, पाऊल उचलवत नव्हतं, छप्पन्न पायऱ्या परत उतरायच्या जिवावर आलं. ती अंथरुणातून विचारत होती — आला का, आला का, आला का — आणि मी म्हणालो, 'नाही येणार. दादा गेला. ट्रकखाली गेला.' तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं ना. माझ्यासाठी वीस वर्षं जुनं, तिच्यासाठी त्या क्षणाचं. तिचा आवाज — जाऊ दे. पण त्या आवाजानंतर ती म्हणाली, 'धाकट्याला उठवा. त्याला माझ्याजवळ द्या.' दिवा नव्हता. मी जाऊन बसलो. तिने चाचपून माझं डोकं ओढलं, मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली पहाटेपर्यंत. चार वर्षांत पहिल्यांदा तिने मला बोलावलं होतं. आणि ताई, मी झोपलो. एवढं रडणं चाललेलं, आणि मी झोपलो, मेल्यासारखा झोपलो. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. 'अहो, पाणी आलं का?' म्हणून मला विचारलं.

पहिल्यांदा चुकून झालं. नंतर दोनदा सांगितलं ते नाही चुकून.

बघा ना, कसा माणूस आहे मी. बिस्किटासाठी सोंग घेणारा तोच. तिसऱ्या वेळी तिला मांडीवर डोकं घ्यायचंही सुचलं नाही, नुसती तोंड उघडं ठेवून बघत राहिली, आणि दोन दिवस घास घेतला नाही. तेव्हा ठरवलं — हिला माझ्यापासून लांब ठेवलं पाहिजे. म्हणून आणलंय इथे. मशीनचं नंतर.

ओरडली का? हो, तीच. सात नंबरची खाट. आता चार वाजताच सुरू करते, दिवस-रात्र कळत नाही — 'आला का गं, आला का' — थांबा, मी बूट — बूट नाही आणले. कडी द्या इकडे, मी पडद्यामागून वाजवतो, एकदा दाखवतो तुम्हाला कसं ते — काय? तुम्ही काय म्हणालात तिला?

परत म्हणा.

'आला हो आजी, कधीचा आला. जेवला, झोपला. दोघंही झोपलेत.'

एवढंच? ... फटीतून दिसतेय, आडवी झाली ती. पांघरूण ओढलं. ताई, ती आडवी झाली.

सगळ्यांना असंच सांगता? अकरा नंबरच्यांना नवरा आला म्हणून, वीस नंबरला गाय बांधली म्हणून... हो. बरोबर आहे. सोपं आहे. मला कसं सुचलं नाही? चार वर्षं, ताई. छप्पन्न खाली, छप्पन्न वर. आला म्हणायचं, एवढंच. कोणी यायलाच लागत नाही.

नाही, रडत नाहीये, झोप कमी असली की डोळ्यांतून येतं पाणी. नको, पडदा नका सरकवू, उठेल ती. मी भेटलो की 'अहो' म्हणेल, ते काय भेटणं. ती रेघ — कोरीच ठेवा. झोपेच्या सवयी, काही नाही. मागच्या बाजूला लिहिलंय त्यावर काट मारा, काट मारलेली मी बघतो आणि जातो. हां. कडी द्या माझी. बसवायला हवी परत. सकाळी काढली तेव्हा लक्षातच आलं नाही — कडीशिवाय कुलूप कशाला लावणार? दार नुसतं लोटून आलोय. सकाळपासून उघडंच आहे घर, कोणीही येऊन बसलं असेल आत.

कोण येणार म्हणा. तुम्ही जा, ताई. अकरा नंबर हाक मारतायत तुम्हाला.