टॅन्स्लीसाहेबांच्या लाद्या आणि उजळलेला कोळसा

सन्माननीय अध्यक्ष ऑल्डनसाहेब, व्यासपीठावरील फाउंड्रीचे भागीदार, आजचे सत्कारमूर्ती श्री. ह्युबर्ट टॅन्स्ली, सौ. टॅन्स्ली, आणि मागच्या रांगेतून केककडे टक लावून बसलेल्या माझ्या शिवणखान्यातील भगिनींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितले आहे. अध्यक्षांनाही तसेच सांगितले होते, पण ते असो.

टॅन्स्लीसाहेबांनी आयुष्यभर लंडनच्या फुटपाथांना खिडक्या पाडल्या. बिडाची चौकट, तीत जाड काचा. वरून लोक चालतात, खाली तळघरात उजाडते. सोपे वाटते ना? साधी काच उजेड सरळ खाली सोडते. समोर उजेडाचे डबके, मागे काळोख. साहेबांच्या काचेला खालून लोलकासारखी धार असते. ती उजेडाला वळवून थेट मागच्या भिंतीपर्यंत धाडते.

आमचा शिवणखाना तळघरात. आरोग्य निरीक्षक फिंच यांनी बजावले होते, “मागच्या भिंतीशी दिव्याविना सुईत दोरा ओवता आला नाही, तर सोमवारी कुलूप.” कुलूप म्हणजे या सगळ्याजणींची चूल बंद. म्हणून साहेबांच्या या काचेच्या लाद्या मागवल्या.

सोमवारी सकाळी त्या बसवून झाल्यावर खाली उतरलो, तर शिवणखान्यात अंधार, आणि समोर रस्त्याकडची कोळशाची कोठी लख्ख!

“अगं बाई,” आमच्या गॅनेटबाई म्हणाल्या, “एकेक खडा ओळखू येतोय. बारसं करू या का यांचं?”

साहेब धावत आले आणि गवंडी डेव्हनीवर कडाडले, “चौकट उलटी बसवलीस!”

“तुमच्या कागदाबरहुकूम बसवलीय, साहेब.”

खरेच होते. साहेब नकाशा काढतात तो तळघरात उताणे पडून, वर पाहत. डेव्हनीने तो फुटपाथवर उभे राहून वाचला. पुढचे मागे झाले.

“म्हणजे मीही उताणा पडायला हवं होतं,” डेव्हनी म्हणाला. “रस्त्यात. सोमवारी. शुद्धीत असताना.”

चौकट उचलून फिरवली. चौकटीच्या फटीत भरलेल्या ओल्या लांबीवर कुणी पाय देऊ नये म्हणून साहेब छत्री परजत वर उभे राहिले. एका बिशपलाही त्यांनी गटारातून जायला लावले. तेवढ्यात फिंच आले, खिशात कुलूप घेऊन. मागच्या भिंतीशी उभे राहून त्यांनी सुई घेतली. दोरा जाईना. पुन्हा जाईना.

गॅनेटबाईंनी सुई काढून घेतली, एका फटक्यात ओवली आणि म्हणाल्या, “उजेड आमच्याकडचा, साहेब. चष्मा मात्र ज्याचा त्याने आणायचा.”

कुलूप आले तसे परत गेले.

टॅन्स्लीसाहेब, आज तुमच्या अंगावरचे जाकीट त्याच भिंतीशी शिवलेले आहे. एखादा टाका वाकडा दिसला तर उजेडाला बोल लावू नका. हात आमचे आहेत. माझ्या बोलण्यातले वाकडे टाकेही सभेने असेच पोटात घालावेत. अध्यक्षांचे, यजमानांचे आणि इतका वेळ केकला हात न लावणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार.