नंदाखालचा निरोप

पुरवणी जबाब
दिनांक २५ जानेवारी २००१

वॉल्टर इनास लोपीस, वय ६६ वर्षे, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार क्रूस आळी, सांडोर, वसई (पश्चिम), जि. ठाणे.

मी आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की, व्हॅलेरियन परेरा हरवल्याच्या चौकशीत माझा जबाब मंगळवारी, २३ तारखेला घेतला होता. त्यात मी त्यांना सोमवारी पाहिले नसल्याचे सांगितले. ते खोटे आहे. मी त्यांना पाहिले होते आणि त्यांच्याशी बोललोही होतो.

व्हॅलेरियन, वय ७८, माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या केळीच्या वाडीत एकच कुंपण आहे. त्यांची पत्नी हिल्डा तीन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर त्यांना विसर पडत गेला. आधी पाण्याचा पंप बंद करायला विसरत, मग जेवल्याचे विसरत आणि शेवटी हिल्डा वारल्याचेच विसरले. दिवसातून पाच-सहा वेळा कुंपणापाशी येऊन ती कुठे गेली असे विचारत.

त्यांची मुलगी मार्था बँकेत नोकरी करते. ती शाळेत माझी विद्यार्थिनी होती. दोन वर्षांपूर्वी ती आळीतल्या प्रत्येक घरी गेली आणि हात जोडून दोन गोष्टी मागितल्या. पपा आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाच्या पुढे दिसले तर अडवू नका, ओरडू नका, 'मीपण तिकडंच चाललोय' म्हणून सोबत चालत घरी आणून सोडा. आणि मम्मीबद्दल विचारलं तर 'चर्चमध्ये मिस्साला गेलीय, येईल' एवढंच म्हणा. आळीने ते पाळले. पाचूबंदरची कमळी मासे विकायला येते, तीसुद्धा पाटी उतरवून त्यांना घरी पोचवून येई.

मी मार्थाला तेव्हाच सांगितले होते की खोटे बोलणे मला जमणार नाही. चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून छड्या मारल्या. आळी मला मागून हरिश्चंद्र म्हणते, आणि मला त्याचा अभिमान होता हेही लिहून घ्यावे. मार्था म्हणाली, सर, मग तुम्ही काहीच बोलू नका. मी तसे कबूल केले होते.

माझी पत्नी ब्रिजित गेल्या ऑगस्टमध्ये वारली.

सोमवार, २२ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास मी वाडीत केळीची वाळलेली पाने काढत होतो. व्हॅलेरियन कुंपणापाशी आले. त्या सकाळची त्यांची ही चौथी खेप. रस्त्याने चाललेल्या एका बाईने त्यांना नेहमीप्रमाणे 'येईल हिल्डाबाई आता' असे सांगितले, तेव्हा ते लहान मुलासारखे खूष झाले. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांची बायको रोज मिस्साहून येणार होती. माझी येईल असे मला कोणी सांगत नव्हते. बाई पुढे गेल्यावर मी म्हणालो, "व्हॅलेरियनभाऊ, हिल्डा मेली. तीन वर्षं झाली. तुम्ही स्वतः माती टाकलीत."

ते कुंपणाला धरून खाली बसले. जणू ती बातमी त्यांना त्या क्षणी पहिल्यांदाच कळली होती, असे ते रडले. मी पाने काढत राहिलो. काही वेळाने डोळे पुसून त्यांनी विचारले, "मास्तर, नंदाखालला कोण गेलंय सांगायला?" मी पुढच्या केळीकडे वळलो.

नंदाखाल हे उत्तरेकडचे गाव, हिल्डाचे माहेर. आमच्याकडे बाई वारली की निरोप माहेरी माणसाने स्वतः जाऊन द्यायचा असतो. माहेरची माणसे येऊन तोंड पाहिल्याशिवाय शवपेटी झाकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी व्हॅलेरियन स्वतः सायकलने निरोप घेऊन गेले होते. हे मला माहीत होते.

साधारण साडेबारा वाजता ते काळा कोट घालून घरातून निघाले आणि क्रुसावरून उत्तरेकडे गेले. मी पाहिले. मी उठलो नाही. कोणीतरी परत आणील असे मनाशी म्हटले, कारण रोज कोणीतरी आणीत असे. आज ते सापडल्यावर समजले की आळीबाहेर, पुढच्या रस्त्यावरच्या दोन घरच्या बायकांनी त्यांना पाहिले होते. पण अंगात काळा कोट पाहून त्यांना वाटले की कोणाच्या मयताला घरच्यांसोबत निघाले असतील. त्या बायकांचा यात दोष नाही.

सायंकाळी साडेसातला मार्था कामावरून आली आणि घरोघर विचारत माझ्याकडे आली. मी तिला म्हणालो, मी दिवसभर घरात होतो. का म्हणालो ते सांगतो. तिने मला काहीच न बोलण्याची विनंती केली होती आणि तेवढेही माझ्याच्याने झाले नाही, याची लाज वाटली. एकदा खोटे बोलल्यावर दुसऱ्या दिवशी पोलिसांना वेगळे सांगता येईना.

व्हॅलेरियन पूर्वी मासळी आणायला पाचूबंदरला जात, म्हणून शोध तिकडे सुरू झाला. मंगळवारी आणि बुधवारी कमळीच्या घरच्यांनी दोन होड्या मासेमारीला न नेता किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवल्या. मी दोन्ही दिवस धक्क्यावर उभा होतो. ते पाण्यात नाहीत हे तिथे फक्त मला माहीत होते. बुधवारी कमळीने मला चहा आणून दिला आणि म्हणाली, "सर, बसा जरा. पानी पण नाय प्यायलात." तो चहा मी प्यायलो.

आज सकाळी नंदाखालच्या अलीकडे, जुन्या पायवाटेच्या बांधाखाली, गवत कापणाऱ्या बाईला व्हॅलेरियन मृतावस्थेत आढळले. अंगात कोट होता. पायात एकच बूट होता. डॉक्टरांनी मार्थाला सांगितले की पाय मुरगळला असावा, बाकी मोठी जखम नाही, आणि ते बुधवारी पहाटेपर्यंत जिवंत असावेत.

मी आत येण्यापूर्वी मार्था ठाण्याबाहेर बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहून वर लिहिलेले सर्व तिला सांगितले. तिने मध्ये अडवले नाही. मग म्हणाली, "सर, मम्मी गेली त्या पहिल्या वर्षी मीपण एकदा वैतागून खरं सांगितलं होतं. तेव्हापण कोट घालून नंदाखालला निघाले. रस्त्यात गाठून आणलं. म्हणून तर मी सगळ्यांच्या दारात गेले." पुढे ती म्हणाली, "सोमवारी तुम्ही नुसतं एवढं सांगितलं असतंत ना, तर मी रिक्षा करून सरळ तिकडं गेले असते." ती हे हळू आवाजात म्हणाली. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यांनी विचारले की मुलीने माफ केले असे शेवटी लिहू का. ती तसे म्हणालेली नाही, ते लिहू नये. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आणि खरे आहे.

सही
वॉल्टर इनास लोपीस